म्युझस्कोरमध्ये स्टाफ नोटेशन आणि मराठी मजकूर एकाच पानावर : ढकलाढकल न करता

पहिल्या उदाहरणाखाली दोन ओळी मजकूर टाकला की दुसरं उदाहरण खाली सरकतं. ते माउसनं ओढून वर आणलं की तिसरं त्याच्यावर चढतं. तासाभरानं पान कसंबसं बसतं, आणि मग लक्षात येतं की मजकुराचा फॉन्ट फार बारीक आहे. तो एका पॉइंटनं वाढवला की सगळं पुन्हा विस्कटतं. संगीताच्या शिकवणीचं टाचण म्युझस्कोरमध्ये, म्हणजे स्वर लिहून छापायच्या सॉफ्टवेअरमध्ये, करणाऱ्या बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. त्यांना सॉफ्टवेअर येत नसतं असं नाही. कामांचा क्रम उलटा झालेला असतो : जागा आधी ठरवायच्या ऐवजी शेवटी ढकलली जाते.

खालचे टप्पे म्युझस्कोर ४ समोर ठेवून लिहिले आहेत. उदाहरण म्हणून भूप रागाचं दोन पानी टाचण घेऊ. विद्यार्थी कीबोर्ड वाजवतात, स्टाफ (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचतात, पण घरी हार्मोनियम आहे आणि कानात सरगम आहे. म्हणजे पाच रेघांवर स्वर, त्याखाली देवनागरी सरगम आणि अधूनमधून मराठीत समजावणी, असं तिहेरी काम.

## आधी एक निर्णय : हे काम म्युझस्कोरचं आहे का?

एका उदाहरणामागे चार-पाच ओळी मजकूर असेल तर म्युझस्कोरमध्येच करा. पानभर लेख आणि मध्ये एखादी स्वरांची ओळ असेल, तर करू नका. म्युझस्कोर हा स्वर मांडण्याचा कार्यक्रम आहे, त्याला परिच्छेद कळत नाहीत. अशा वेळी लेख लिब्रेऑफिस रायटरमध्ये लिहायचा आणि स्वरांची चित्रं त्यात आणायची. त्याची रीत शेवटी दिली आहे.

## टप्पा १ : कागदावर आराखडा

संगणक सुरू करण्याआधी एका कोऱ्या कागदावर पान आखा. कुठे शीर्षक, कुठे मजकूर, कुठे उदाहरण. प्रत्येक उदाहरणाला किती मात्रा लागतात ते शेजारी लिहा. आपल्या टाचणाचं असं होईल :

उदाहरण १. आरोह सा रे ग प ध सां (६ मात्रा), अवरोह सां ध प ग रे सा (६ मात्रा).
उदाहरण २. एक स्वरसमूह : ग रे सा ध़ सा रे ग (७ मात्रा).
उदाहरण ३. तीनतालातली सरगम, एक आवर्तन, १६ मात्रा : ग रे सा ध़ । सा रे ग ग । प ग ध प । ग रे सा ऽ

सगळा मराठी मजकूर साध्या टेक्स्ट फाईलमध्ये वेगळा लिहून, तपासून, शुद्धलेखन बघून ठेवा. म्युझस्कोरच्या चौकटीत बसून वाक्यरचना सुधारत राहणं हा वेळ घालवायचा हमखास मार्ग आहे.

थांबा. जुन्या टाचणातून मजकूर उचलणार असाल तर तो युनिकोडमध्ये आहे का ते पाहा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. फॉन्ट बदलून तो सुधारत नाही, त्याचं रूपांतर करावं लागतं.

## टप्पा २ : पान, स्टाफचा आकार, फॉन्ट

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा, म्हणून सगळे तो शेवटी करतात. आणि तिथेच फसतात.

नवी फाईल घेताना एकाच स्टाफचं वाद्य निवडा. पियानो निवडलात तर दोन स्टाफ येतील आणि खालचा रिकामाच राहील. मग ‘फॉरमॅट’ मेनूतल्या ‘पेज सेटिंग्ज’मध्ये ए-४ पान, समास आणि ‘स्टाफ स्पेस’ ठरवा. स्टाफ स्पेस म्हणजे दोन रेघांमधलं अंतर. ते १.७५ मिमी ठेवलं तर पाच रेघांची उंची ७ मिमी होते. मोठ्यांना एवढं पुरतं, लहान मुलांसाठी २ मिमी घ्या.

आता ‘फॉरमॅट’मधल्या ‘स्टाईल’मध्ये जा. इथे चार गोष्टी करायच्या.

एक : ‘पेज’ विभागात स्टाफ उभे ताणून पान भरण्याची सोय सुरू असते, ‘व्हर्टिकल जस्टिफिकेशन’ नावाची. ती बंद करा. वाद्यवृंदाच्या पानाला ती शोभते. टाचणात मात्र तिच्यामुळे मजकूर आणि त्याचं उदाहरण यांच्यात मनाला येईल तेवढी फट पडते.

दोन : ‘मेजर नंबर’ बंद करा. तीन छोट्या उदाहरणांच्या टाचणाला बारचे (उभ्या रेघांमधल्या खान्यांचे) क्रमांक काही उपयोगाचे नाहीत, आणि सरगमच्या शेजारी आकडा दिसला की मुलं तो मात्रेचा समजतात.

तीन : पहिली ओळ उगाच आत सरकलेली दिसत असेल तर पहिल्या ओळीचं ‘इंडेंटेशन’ बंद करा.

चार : ‘टेक्स्ट स्टाईल्स’मध्ये फॉन्ट. मूळ फॉन्ट एडविन आहे आणि त्यात देवनागरी नाही. तुम्ही मराठी लिहिलंत तर संगणक स्वतःच्या मनानं कुठला तरी देवनागरी फॉन्ट पुरवतो. तुमच्या संगणकावर एक, विद्यार्थ्याच्या संगणकावर दुसरा. म्हणून फॉन्ट नाव घेऊन निवडा. मुक्त किंवा नोटो चालतात. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी घ्या. ‘फ्रेम’, ‘लिरिक्स ऑड लाइन्स’ आणि ‘लिरिक्स ईव्हन लाइन्स’ या तिन्ही शैलींना फॉन्ट लावा, शीर्षकाची शैली वापरणार असाल तर तिलाही.

आकार ठरवताना एक खूण दिसेल : अक्षरांनी स्टाफच्या आकाराप्रमाणे लहानमोठं व्हावं की नाही. सरगमसाठी ती ठेवा, कारण सरगम स्टाफला बांधलेली असते. समजावणीच्या मजकुरासाठी काढा. ओळीतलं अंतरही थोडं वाढवा. देवनागरीला वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार. इंग्रजीसाठी ठरवलेल्या अंतरात ते एकमेकांना भिडतात.

तपासा. कुठल्या तरी चौकटीत ‘सुऱ्या, श्रुती, ऱ्हस्व, तूर्त, लक्ष्य’ असे शब्द लिहून मोठे करून पाहा. जोडाक्षर फुटलं किंवा रफार उडाला, तर फॉन्ट आत्ताच बदला.

## टप्पा ३ : आधी सगळे स्वर, एका दमात

मजकुराला हात न लावता तिन्ही उदाहरणांचे स्वर सलग भरा. आपण सा म्हणजे पांढरी एक धरली आहे, मधला सी. मंद्र ध मग स्टाफच्या खाली दोन जादा रेघांवर येतो. त्यामुळे सरगमची ओळ थोडी खाली जाते. जाऊ द्या.

आरोहाला ताल नाही, पण म्युझस्कोरला बार हवाच. रिकाम्या बारवर उजवी क्लिक, ‘मेजर प्रॉपर्टीज’, आणि तिथे प्रत्यक्ष लांबी ६/४ करा. आरोहाला असा एक बार, अवरोहाला एक. दुसऱ्या उदाहरणाला ७/४. तिसऱ्याला साधे ४/४ चे चार बार, कारण तीनतालाचे चार विभाग चार-चार मात्रांचे आहेत आणि बारची रेघ आपोआप विभागाच्या जागी पडते.

टाइम सिग्नेचरचं, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या ४/४ सारख्या आकड्यांचं, काय? माझ्या मते टाचणात ती नकोच. ‘तीनताल, मात्रा १६’ असं मराठीत वर लिहिलं की पुरे. ४/४ बघून कीबोर्डवाला विद्यार्थी दर चार मात्रांना सम मानून बसतो. स्टाफवर उजवी क्लिक करून ‘स्टाफ/पार्ट प्रॉपर्टीज’मध्ये टाइम सिग्नेचर दाखवण्याची खूण काढा, सगळ्या फाईलमधून जाईल.

थांबा. स्वर भरताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा. मराठी सुरू असेल तर ‘एन’ दाबून स्वर भरायला सुरुवात होत नाही आणि ‘ए’ ते ‘जी’ ही अक्षरं काम करत नाहीत. ‘म्युझस्कोर अडकलं’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचा कीबोर्ड मी आधी बघते.

## टप्पा ४ : स्वरांखालची सरगम

सरगमसाठी ‘लिरिक्स’ वापरायचे, म्हणजे गाण्याचे शब्द टाकायची सोय. स्टाफ टेक्स्टनं सरगम लिहिणारे अजून भेटतात. प्रत्येक अक्षर वेगळं चिकटवायचं, वेगळं सरळ करायचं. लिरिक्समध्ये अक्षर स्वराला बांधलेलं राहतं. बार रुंद झाला की अक्षरही सोबत सरकतं.

पहिला स्वर निवडा, कंट्रोल-एल दाबा, मग कीबोर्ड मराठीवर आणा. एक अक्षर, स्पेस, पुढचं अक्षर, स्पेस. इतकंच. पण खाचखळगे आहेत.

सप्तकाचे बिंदू. भातखंडे पद्धतीत तार सप्तकाला वर टिंब आणि मंद्राला खाली टिंब. वरच्यासाठी अनुस्वार चालतो : सां, रें, गं. खालच्यासाठी नुक्ता : ध़, प़. अक्षराला वेलांटी असेल तर क्रम सांभाळा : आधी अक्षर, मग नुक्ता, मग वेलांटी. मंद्र नि असा लिहायचा : न, नुक्ता, वेलांटी.

कोमल आणि तीव्र. भूपात ही वेळ येत नाही, पण पुढच्या टाचणात येईल. कोमल स्वराखालची आडवी रेघ म्हणजे अक्षर निवडून अधोरेखित करणं, कंट्रोल-यू. तीव्र मध्यमावरची उभी रेघ काढत बसू नका. युनिकोडमध्ये वेदपाठासाठी उदात्ताची खूण आहे, ती म वर दिली की म॑ मिळतो. फॉन्टमध्ये ती खूण आहे ना, तेवढं आधी पाहा.

अवग्रह. सरगमच्या शेवटी सा दोन मात्रांचा आहे, म्हणून ‘सा ऽ’. स्टाफवर हा एकच स्वर आहे, मिनिम, त्यामुळे लिरिक्सला जागाही एकच. साधा स्पेस दिलात तर कर्सर पुढच्या स्वरावर उडी मारेल. कंट्रोल-स्पेस दिलं तर त्याच जागी मोकळं अंतर मिळतं आणि ‘सा ऽ’ एकत्र बसतं. आणि ऽ हाच अवग्रह टाइप करा. इंग्रजी एस टाकून भागवलेली टाचणं लगेच ओळखू येतात.

गाण्याच्या शब्दात अक्षर लांबवायचं असेल तर खालची लांब रेघ अंडरस्कोरनं येते. इथे इन्स्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी वापरणाऱ्यांची गंमत होते. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह हायफनची कळ दाबली की विसर्ग येतो. सगळ्या ओळीभर ‘ः’ पेरले जातात आणि रेघ काही येत नाही. तेवढ्यापुरता कीबोर्ड इंग्रजीवर न्या.

तालाच्या खुणा. सम, टाळी आणि काल : ×, २, ०, ३. यांच्यासाठी माझी युक्ती अशी की त्या लिरिक्सच्या दुसऱ्या ओळीत टाकायच्या. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या मात्रेच्या स्वराखाली. सगळ्या खुणा आपोआप एका रांगेत येतात, आणि ‘ईव्हन लाइन्स’ची शैली वेगळी असल्यामुळे सरगमपेक्षा बारीक ठेवता येतात. बंदिशीचे शब्दही द्यायचे असतील तर शब्द दुसऱ्या ओळीत आणि खुणा तिसऱ्या ओळीत घ्या.

तपासा. तिसऱ्या उदाहरणाची सरगम मोठ्यानं म्हणत हातावर टाळी-काल द्या. काल नेमका ‘प ग ध प’ मधल्या पहिल्या प वर पडायला हवा. पडला नाही तर एखादं अक्षर एका स्वरानं सरकलं आहे.

## टप्पा ५ : उदाहरणं एकमेकांपासून तोडा

आत्ता तुमच्या समोर एक सलग रचना आहे. म्युझस्कोरच्या लेखी तरी ते एकच गाणं आहे. त्याला सांगावं लागतं की ही तीन वेगळी उदाहरणं आहेत.

प्रत्येक उदाहरणाचा शेवटचा बार निवडा आणि ‘लेआउट’ पॅलेटमधून ‘सेक्शन ब्रेक’ द्या. सेक्शन ब्रेकमुळे बारची मोजणी नव्यानं सुरू होते, ऐकवताना दोन उदाहरणांमध्ये विराम मिळतो, आणि पुढच्या उदाहरणात स्केल किंवा क्लेफ (ओळीच्या सुरुवातीची स्वरांची जागा ठरवणारी खूण) बदलला तर त्याची आगाऊ सूचना आधीच्या ओळीच्या टोकाला लटकत नाही. आज भूप सी मध्ये आहे म्हणून ती दिसत नाही. सेक्शन ब्रेक न देता तुलनेसाठी काळी चारमधलं उदाहरण घातलंत की ओळीच्या शेवटी फ्लॅटची रांग उगवेल, आणि ती कुठून आली ते शोधण्यात संध्याकाळ जाईल.

साधा ‘सिस्टम ब्रेक’ (बार निवडून एंटर) फक्त ओळ तोडतो. उदाहरणाच्या आतल्या ओळी तोडायला तो वापरा, उदाहरणं वेगळी करायला नको.

## टप्पा ६ : आता मजकूर

मजकुराच्या चौकटी तीन प्रकारच्या असतात आणि गोंधळ बहुधा इथे होतो.

‘टेक्स्ट फ्रेम’ मजकुराप्रमाणे स्वतःची उंची वाढवते. समजावणीसाठी हीच. ‘व्हर्टिकल फ्रेम’ची उंची तुम्ही ठरवता, शीर्षक किंवा चित्रासाठी ती बरी. मजकूर तिच्यात भरला आणि उंची कमी पडली तर तो खालच्या स्टाफवर सांडतो. ‘हॉरिझॉन्टल फ्रेम’ स्वरांच्या ओळीतच आडवी जागा अडवते. तिचा उपयोग पुढच्या टप्प्यात.

ज्या उदाहरणाच्या वर मजकूर हवा त्याचा पहिला बार निवडा, ‘ॲड’ मेनूतून ‘फ्रेम्स’ आणि तिथून टेक्स्ट फ्रेम घाला. ती निवडलेल्या बारच्या आधी येते. टेक्स्ट फाईलमधून तयार मजकूर चिकटवा.

वर्ड प्रोसेसरसारखी ओळ आपोआप खाली येईल यावर विसंबू नका. ओळ समासाबाहेर जाऊ लागली की एंटर तुम्हालाच द्यायचा. फॉन्ट आणि आकार दुसऱ्या टप्प्यात पक्का करायचा आग्रह यासाठीच. हातानं तोडलेल्या वीस ओळी फॉन्ट बदलल्यावर पुन्हा तोडायच्या म्हणजे शिक्षा आहे. ती मी भोगली आहे, दोनदा.

थांबा. एक फ्रेम दोन पानांत विभागली जात नाही. मजकूर लांब असेल तर तो दोन-तीन फ्रेममध्ये कापा, नाहीतर अख्खी चौकट पुढच्या पानावर उडी मारेल आणि मागे अर्धं पान कोरं राहील.

फ्रेम आणि स्टाफमधलं अंतर ‘प्रॉपर्टीज’मध्ये वरची फट आणि खालची फट असं आकड्यांत मिळतं. मजकुराच्या वर जास्त, खाली कमी ठेवा, म्हणजे कुठला मजकूर कुठल्या उदाहरणाचा हे डोळ्यांना कळतं. तिन्ही फ्रेम एकत्र निवडून एकच आकडा द्या. माउसनं फ्रेम ओढायची नाही.

उदाहरणांचे क्रमांक हातानंच लिहायचे आहेत, म्हणून ते सगळ्यात शेवटी घाला. मधलं एक उदाहरण वगळलं आणि मजकुरात ‘उदाहरण ३ पाहा’ तसंच राहिलं, ही चूक छापल्यावरच सापडते.

## टप्पा ७ : रुंदी आणि पानं

आता एक विचित्र गोष्ट दिसेल : एक उदाहरण समासापासून समासापर्यंत ताणलेलं आणि दुसरं अर्ध्यावर थांबलेलं. सेक्शनची शेवटची ओळ ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त भरली तर म्युझस्कोर ती पूर्ण ताणतं, कमी भरली तर सोडून देतं. आपली सगळीच उदाहरणं एका ओळीची, म्हणजे प्रत्येक ओळ शेवटची. ‘स्टाईल’च्या ‘पेज’ विभागात ही मर्यादा, ‘लास्ट सिस्टम फिल थ्रेशोल्ड’, १०० टक्के करा. उदाहरणं आपापल्या नैसर्गिक रुंदीला येतील.

आरोह आणि अवरोह एकाच ओळीत, मध्ये मोकळी जागा ठेवून हवे असतील तर अवरोहाच्या बारआधी हॉरिझॉन्टल फ्रेम घाला आणि तिची रुंदी वाढवा. सरगम दाटीवाटीनं बसली असेल तर बार निवडून उजवा महिरपी कंस } दाबा, बार रुंद होतो. डावा { दाबला की अरुंद.

पान तोडायचं असेल तर कंट्रोल-एंटर. मजकूर एका पानावर आणि त्याचं उदाहरण मागच्या बाजूला, असं होऊ देऊ नका. विद्यार्थ्याचे दोन्ही हात कीबोर्डवर असतात, पान कोण उलटणार?

## टप्पा ८ : पीडीएफ आणि झेरॉक्सवाला

दुकानात कधीही म्युझस्कोरची फाईल नेऊ नका, पीडीएफ न्या. फॉन्ट त्यात सोबत जातात. पीडीएफ आधी फोनवर उघडून जोडाक्षरं आणि नुक्ते पाहा.

छापताना ‘पानात बसवा’ नको, १०० टक्के आकार सांगा. एकदा माझी तीस टाचणं बारीक छापून आली, चारही बाजूंना रुंद पांढरा समास घेऊन, आणि मंद्राचे बिंदू झेरॉक्सच्या ठिपक्यांत हरवले. आता मी पहिली प्रत हातात आली की पट्टी लावते. पाच रेघा ७ मिमी भरल्या तरच पुढच्या प्रती.

## मजकूरच जास्त असेल तर

प्रत्येक उदाहरणाची वेगळी फाईल करा, पण सगळ्यांना एकच शैली द्या. पहिल्या फाईलची शैली ‘सेव्ह स्टाईल’नं जतन करून बाकीच्यांत ‘लोड स्टाईल’. मग एसव्हीजी किंवा ३०० डीपीआयचं पीएनजी काढा आणि कडेचा कोरा भाग कापून रायटरमध्ये घाला. चित्राचा अँकर ‘ॲज कॅरेक्टर’ ठेवा, म्हणजे ते ओळीतल्या अक्षरासारखं वागतं आणि मजकूर वाढला तरी भटकत नाही. वरच्या परिच्छेदाला ‘कीप विथ नेक्स्ट’ लावा.

या रीतीतली मोठी चूक एकच : प्रत्येक चित्र ओढून समासाएवढं रुंद करणं. सात स्वरांचं उदाहरण मग सोळा मात्रांच्या उदाहरणापेक्षा दुप्पट मोठ्या रेघांचं होतं. चित्राची रुंदी बघायचीच नाही. सगळ्या चित्रांना एकच टक्केवारी द्या आणि छोटं उदाहरण छोटंच राहू द्या. नंतर स्वर बदलावा लागला तर मूळ फाईलमध्ये बदलून चित्र नव्यानं काढा. त्यासाठी फाईल आणि चित्राला एकच नाव ठेवा, भूप-०१, भूप-०२ असं, नाहीतर सहा महिन्यांनी कुठलं चित्र कुठल्या फाईलमधून आलं ते कळत नाही.